न पाहिलेले केंद्र

१

मुंबईच्या दूरदर्शन केंद्रास २ ऑक्टोबर २०२२ रोजी पन्नास वर्षे पूर्ण झाली. या केंद्राविषयी मराठीत पुष्कळ लिहिले व बोलले गेले आहे. निर्मात्यांनी आपल्या आठवणी सांगितल्या, वृत्तनिवेदकांनी सांगितल्या, नटनटींनी सांगितल्या. या आठवणींत जिव्हाळा आहे, विनोद आहे, अपुऱ्या साधनांनिशी केलेल्या धडपडीचा रास्त अभिमानही आहे. तथापि त्या वाचीत असता आमच्यासारख्या वाचकापुढे एक अडचण सतत उभी राहते. ज्या कार्यक्रमाविषयी लेखक बोलत असतो तो वाचकाच्या डोळ्यांपुढे असेलच, असे त्याने गृहीत धरलेले असते. आणि आमच्या डोळ्यांपुढे तर काहीच नसते.

बदलीच्या नोकरीत ज्यांची उमेद सरली त्या मराठी माणसांनी मुंबई केंद्र पाहिले नाही. सुट्टीत दादरला किंवा पुण्याला नातलगांकडे उतरलो असता चार संध्याकाळी जे दृष्टीस पडले तेवढेच. बाकीचे सारे ऐकीव. हा लेख आम्ही चंडीगडच्या सेक्टर ४३ मध्ये बसून लिहीत आहोत. या सेक्टरातील बसस्थानकावरून जालंधर, अमृतसर आणि हिमाचलातील डोंगरी गावे यांच्याकडे रात्रंदिवस गाड्या सुटतात. या प्रत्येक दिशेला दूरचित्रवाणीच्या इतिहासातील एकेक प्रकरण आहे. अमृतसरचे केंद्र १९७३ सालचे, जालंधरचे १९७९ सालचे. कसौलीच्या डोंगरावर सहक्षेपणाचा मनोरा आहे. आणि चंडीगडचे स्वतःचे दूरदर्शन केंद्र येथून जवळच, सेक्टर ३७ मध्ये आहे. पाहण्यास काही नव्हते अशी आमची तक्रार नाही. जे पाहिले त्यांत मराठी नव्हते, एवढेच.

न पाहणे ही उणीव खरी. परंतु टीकेच्या दृष्टीने पाहता ती काही अंशी सोयीची आहे. ज्याने बालपणी एखादा कार्यक्रम आईच्या मांडीवर बसून पाहिला त्याला त्या कार्यक्रमाचे आणि त्या मांडीचे मोल वेगवेगळे करता येत नाही. आम्हांस ती मांडी लाभली नाही. म्हणून मुंबई केंद्राच्या पहिल्या वीस वर्षांच्या कार्यातले वाङ्मयाच्या तराजूत टिकणारे किती, हा प्रश्न आम्ही जरा निर्विकारपणे विचारू शकतो. आठवणी लिहिणाऱ्यांनी तो विचारलेला नाही, आणि तो विचारणे हे त्यांचे कामही नव्हे. पण आता कोणीतरी विचारावयास हवा, असे आम्हांस वाटते.

२

प्रथम ‘केंद्र’ या शब्दाकडे पाहावे. केंद्र म्हणजे वर्तुळाचा मध्य. सरकारी भाषेत ‘केंद्र’ म्हणजे दिल्ली. आणि ‘मुंबई केंद्र’ म्हणजे मात्र दिल्लीच्या खात्याची मुंबईतील शाखा. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ या संस्थेच्या इतिहासात एकमेकांशी सतत झगडत आले आहेत.

भारतात दूरचित्रवाणीचा प्रारंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीस, आकाशवाणीचा एक प्रयोग म्हणून झाला. त्या प्रयोगाशी एका मराठी लेखकाचा निकटचा संबंध होता, हे वाचकांस ठाऊक असेलच. पु. ल. देशपांडे लंडनला बी.बी.सी.त या माध्यमाचे शिक्षण घेऊन आले होते. त्या प्रवासातून मराठीला ‘अपूर्वाई’ मिळाली आणि दिल्लीच्या दूरचित्रवाणीला पंडित नेहरूंची मुलाखत घेणारा पहिला मुलाखतकार. मराठी माणूस या माध्यमाच्या उंबरठ्यावर पहिल्याच दिवसापासून होता. मराठी भाषेला मात्र आणखी तेरा वर्षे बाहेर तिष्ठावे लागले.

मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी वरळीस सुरू झाले. पुढल्या वर्षी सिंहगडावरील सहक्षेपण केंद्रामुळे त्याचे कार्यक्रम पुण्यास दिसू लागले. सिंहगड येथे का यावा लागला, हे समजून घेणे अगत्याचे आहे. कारण या केंद्राचे सगळे गुणदोष त्यात सामावलेले आहेत. आकाशवाणीच्या मध्यम लहरी रात्रीच्या वेळी वातावरणाच्या वरच्या थरावरून परतून शेकडो कोस दूर ऐकू येतात. दूरचित्रवाणीच्या लहरींचे तसे नाही. त्या जवळजवळ सरळ रेषेत जातात. क्षितिजापलीकडे वाकत नाहीत, डोंगर आडवा आला की थबकतात. वरळीच्या मनोऱ्याला जेवढे दिसे तेवढाच त्याचा मुलूख. सह्याद्रीची भिंत ओलांडावयाची तर डोंगरावर दुसरा मनोरा उभारणे भाग होते. त्यामुळे ज्याला आपण आज ‘मराठीचे दूरदर्शन’ म्हणतो ते पहिल्या काही वर्षांत वस्तुतः मुंबई-पुण्याचे दूरदर्शन होते. विदर्भ-मराठवाड्यातील वाचकांची स्थिती त्या काळी आम्हां परप्रांतस्थांहून फारशी वेगळी नव्हती.

स्थानिक केंद्र म्हणजे एकभाषी केंद्र, असा समज होण्याचा संभव आहे. तो बरोबर नाही. वरळीच्या मनोऱ्याखाली राहणारे लोक मराठी होते तसे गुजराती होते, हिंदी बोलणारे होते. ‘आमची माती, आमची माणसं’ ज्या पडद्यावर दिसे त्याच पडद्यावर ‘आवो मारी साथे’ आणि ‘छायागीत’ दिसे. ही सरमिसळ मुंबई नगरीची होती आणि ती खरी होती. केंद्र कोणा कल्पित प्रेक्षकासाठी कार्यक्रम करीत नव्हते. मनोऱ्याच्या दृष्टिपथातील, नावागावानिशी ओळखीच्या माणसांसाठी करीत होते. कलेला अशी मर्यादा पुष्कळदा उपकारक ठरते. गावच्या जत्रेत उभा राहणारा शाहीर समोरच्या माणसांना ओळखतो, म्हणून त्याचा शब्द नेमका पडतो.

१ एप्रिल १९७६ रोजी दूरचित्रवाणी आकाशवाणीपासून वेगळी होऊन तिला ‘दूरदर्शन’ हे नाव मिळाले. १५ ऑगस्ट १९८२ पासून उपग्रहाच्या साह्याने दिल्लीचे राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाले आणि त्याच वर्षी रंगही आले. तेथून रात्रीची मोक्याची वेळ दिल्लीकडे गेली; प्रादेशिक केंद्रांकडे त्याआधीची संध्याकाळ राहिली. १९८४ नंतर देशभर लहान-मोठी प्रक्षेपण केंद्रे झपाट्याने उभी राहिली, आणि ज्या वेगाने दूरदर्शन सर्वत्र पोहोचले त्याच वेगाने ते स्थानिक उरले नाही. चंडीगडच्या सरकारी वसाहतींतील मराठी घरांत ‘हम लोग’ पाहिले गेले, ‘बुनियाद’ पाहिली गेली. मराठीचे दर्शन व्हावयाचे ते रविवारी दुपारी, प्रादेशिक भाषांतील चित्रपटांच्या फेऱ्यात आपली पाळी येई तेव्हा. मराठी वाहिनी उपग्रहावरून थेट आमच्यापर्यंत आली ती १९९० नंतरच्या दशकात. पुढे तिला ‘सह्याद्री’ हे नाव मिळाले. १९९९ साली ‘अल्फा मराठी’ आणि २००० साली ‘ई टीव्ही मराठी’ या खाजगी वाहिन्या निघाल्या, आणि परप्रांतातील मराठी माणसाची तहान एकाएकी भागली. परंतु जे भागले ते आमचे औत्सुक्य. जे आमच्यावाचून घडून गेले होते ते परत येणार नव्हते.

३

आता प्रत्यक्ष कार्यक्रमांकडे वळू. १९७२ ते १९९० या काळातले जे काही आज पाहावयास मिळते, त्यात आम्हांस तीन जाती स्पष्ट दिसतात: प्रहसनांची, संवादाची आणि पुस्तकावरून उचललेल्या कथेची.

पहिल्या जातीचा प्रतिनिधी ‘गजरा’. विनायक चासकर यांनी निर्मिलेल्या या कार्यक्रमाचे नाव मराठी घरांत इतके रुळले की कार्यक्रम न पाहिलेल्यांच्याही तोंडी ते आहे. लहान लहान नाटुकली एका सूत्रात ओवावयाची, असा त्याचा घाट. मराठी रंगभूमीवरील अनेक गुणी नटांची ओळख महाराष्ट्रास या मार्गाने झाली, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु वाङ्मय म्हणून पाहता या नाटुकल्यांतील पुष्कळसा विनोद त्या आठवड्याचा होता. रेशनच्या रांगा, लोकलची गर्दी, चाळीतील नळ, जागेची अडचण हे विषय शिळे होतात असे नव्हे. ज्या लेखकाला त्यांत माणूस सापडतो त्याच्या हाती ते कधीच शिळे होत नाहीत. पण येथे बहुधा प्रसंग सापडला, माणूस सापडला नाही. नटाची हुकमी लकब आणि शेवटी एक फिरकी एवढ्यावर काम भागविले गेले. नावच मोठे प्रांजळ होते: गजरा संध्याकाळी माळावयाचा असतो. सकाळी तो सुकला म्हणून माळ्याला बोल लावू नये. मात्र त्याला रोपाचा मानही देऊ नये.

दुसरी जात संवादाची. ‘प्रतिभा आणि प्रतिमा’ हा कार्यक्रम आम्हांस या केंद्राची सर्वांत टिकाऊ कमाई वाटतो. लेखक, कवी, चित्रकार, गायक यांना समोर बसवून बोलते करावयाचे, यापलीकडे त्यात काही नाही. भपका नाही, संगीताचा गिलावा नाही, प्रश्न विचारणाऱ्याला स्वतःचे दर्शन घडविण्याची घाई नाही. ज्या काळात साहित्यिकाचे दर्शन संमेलनाच्या मांडवात, तेही दहाव्या रांगेतून व्हावयाचे, त्या काळात त्याचा चेहरा हातभर अंतरावर आला. आणि चेहरा खोटे बोलू शकत नाही, निदान वीस मिनिटे तरी नाही. एखाद्या प्रश्नावर लेखक थांबतो, चष्मा काढतो, पुन्हा लावतो, आणि मग भलतेच उत्तर देतो. त्या थांबण्यात जे कळते ते कोणत्याही छापील मुलाखतीत उतरणार नाही. या माध्यमाची स्वतःची अशी काही वाङ्मयीन शक्ती असेल तर ती येथे आहे.

याच जातीत ‘ज्ञानदीप’ येतो. आकाशानंद यांनी चालविलेल्या या कार्यक्रमाभोवती प्रेक्षकांची मंडळे उभी राहिली. पाहणाऱ्याने केवळ पाहू नये, काही करावे, ही त्यामागील कल्पना. ‘आमची माती, आमची माणसं’ या शेतकीच्या कार्यक्रमाची नोंदही येथेच करावयास हवी. ज्या शेतकऱ्यासाठी तो होता त्याच्या घरी त्या काळी संच क्वचितच असे, हा त्यातला विरोध कोणाच्याही ध्यानात येईल. परंतु एक गोष्ट त्या कार्यक्रमाने निश्चितपणे केली. नाटक-सिनेमात ग्रामीण बोली बहुधा हसविण्यासाठी येई. येथे ती बियाणे, पाणी, कीड आणि कर्ज यांविषयी गंभीरपणे बोलताना शहरी माणसाने ऐकली. भाषेच्या प्रतिष्ठेच्या दृष्टीने ही लहान घटना नव्हे.

बातम्यांचाही उल्लेख केला पाहिजे. स्मिता पाटील, भक्ती बर्वे, अनंत भावे, प्रदीप भिडे यांच्यासारखी माणसे मराठी बातम्या वाचीत. त्यांतील दोघी पुढे अभिनयाच्या क्षेत्रात कोठे पोहोचल्या हे सांगावयास नको. भावे स्वतः लेखक. मराठी वाक्य कोठे तोडावे, जोडाक्षर कसे उच्चारावे, परकीय नाव कसे पेलावे याचा रोजचा वस्तुपाठ या मंडळींनी दिला. आज निरनिराळ्या वाहिन्यांवर जी आरडाओरड ऐकू येते तिच्या पार्श्वभूमीवर तो संथ, स्वच्छ स्वर आठवणाऱ्यांचे डोळे का पाणावतात, हे आम्ही समजू शकतो. तो स्वर सरकारी होता, आणि सरकारला अडचणीचे पुष्कळ काही त्या स्वरात कधीच उच्चारले गेले नाही, हेही त्याच दमात म्हटले पाहिजे.

तिसरी जात पुस्तकावरून उचललेल्या कथेची, आणि तिचा सर्वोत्तम नमुना ‘चिमणराव’. चिं. वि. जोशी यांच्या कथांवरील ही मालिका १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस दाखविली गेली. दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. आमच्या वाचकांस येथे आणखी एका गोष्टीची आठवण करून द्यावीशी वाटते. चिं. वि. जोशी स्वतः बडोद्यास, म्हणजे महाराष्ट्राबाहेर, संस्थानच्या सेवेत आयुष्य घालविलेले पाली भाषेचे पंडित. पुणेरी कारकुनाच्या संसाराचे हे अस्सल चित्र दुरून काढलेले आहे. दूर राहणाऱ्याला घर अधिक नीट दिसते, असा सिद्धांत आम्ही यावरून मांडणार नाही. पण मनात येऊन जाते खरे.

या कथा पडद्यावर आणणे दिसते तितके सोपे नव्हते. त्यांतील विनोद घटनेत जेवढा आहे त्याहून अधिक निवेदनात आहे. चिमणराव स्वतःची फजिती स्वतः सांगतो, आणि ती फजिती आहे याचा त्याला पत्ताच नसतो. ‘मी’ आणि वाचक यांच्यामध्ये लेखक जो एक डोळा मिचकावतो तो पडद्यावर कसा आणावयाचा? कॅमेरा आला की निवेदक जातो. उरतो फक्त फजीत होणारा मनुष्य, आणि त्याला हसणे हे हलक्या दर्जाचे हसणे होय. प्रभावळकरांनी ही अडचण चेहऱ्यावर पेलली. त्यांचा चिमणराव आपण शहाणे आहोत, प्रसंग आपल्या हातात आहे, असे शेवटच्या क्षणापर्यंत प्रामाणिकपणे समजत असतो. निवेदनातील भाबडा आत्मविश्वास त्यांनी भिवयांत आणि मानेच्या किंचित ताठरपणात आणून ठेवला. कर्वे यांचा गुंड्याभाऊ त्याच्याशेजारी आडदांडपणे उभा राहतो, आणि मग काऊ, मोरू, मैना यांच्यासह तो सारा संसार खरा वाटू लागतो. छायाचित्रण कृष्णधवल, घर एवढेसे, भिंती कापडाच्या असाव्यात अशी शंका यावी इतक्या पातळ. पण त्या कारकुनी संसाराला हा गरीब थाटच शोभतो. साधनांची उणीव येथे कथेच्या कामी आली.

‘चिमणराव’ टिकला तो त्याच्यामागे आधीच सिद्ध झालेली संहिता होती म्हणून. आणि यातूनच मुंबई केंद्राविषयीचा आमचा मुख्य आक्षेप निघतो. दूरचित्रवाणीसाठी म्हणून लिहिणारा, आणि तेवढ्यामुळेच लेखक म्हणून ओळखला जाणारा मराठी नाटककार या केंद्राने घडविला काय? आम्हांस नकारार्थी उत्तर द्यावे लागते. केंद्राने नट दिले, निवेदक दिले, गायक घराघरांत पोहोचविले. लेखक मात्र रंगभूमीवरून आणि ग्रंथालयातून उसने घेतले.

४

हा आक्षेप मुंबई-पुण्यात बसून कदाचित सुचला नसता. तो पंजाबात राहून सुचतो, त्याचे कारण शेजारी लाहोर आहे.

लाहोरचे दूरचित्रवाणी केंद्र २६ नोव्हेंबर १९६४ रोजी सुरू झाले. वर सांगितलेल्या सरळ रेषेच्या नियमाला सरहद्दीचे भान नसते. लाहोर आणि अमृतसर यांच्यामध्ये सपाट मैदान आहे, डोंगर नाही. त्यामुळे लाहोरचे कार्यक्रम अमृतसरच्या घरांत सहज दिसत. १९७३ साली, मद्रास-कलकत्त्याच्याही आधी, अमृतसरला केंद्र मिळाले त्यामागे हे शेजारपण होते. तरीही पंजाबातील प्रेक्षकांनी आपल्या गच्चीवरील सांगाडे लाहोरच्याच दिशेने वळवून ठेवले. पंजाबात नोकरी केलेल्या आमच्या पिढीतील कोणासही विचारावे. त्या नाटकांच्या वेळी रस्ते कसे ओस पडत, हे तो सांगेल.

हे आकर्षण निषिद्धाचे होते, भाषेचे होते, फाळणीत तुटलेल्या गावाचे होते; पण त्याखेरीज ते लेखनाचे होते. १९७९ साली सुरू झालेल्या अमजद इस्लाम अमजद यांच्या ‘वारिस’मध्ये चौधरी हशमत नावाचा एक जमीनदार आहे. धरणाच्या पाण्याखाली त्याचे गाव जाणार आहे, आणि तो ते जाऊ देण्यास तयार नाही. लेखकाने या म्हाताऱ्याला दुष्ट ठरवून सोडून दिलेले नाही. त्याचा हट्ट आपल्याला पटत नसतानाही त्याच्या दुःखापुढे आपण गप्प होतो. ही कादंबरीची पकड आहे. अश्फाक अहमद यांनी लाहोरसाठी लिहिलेली नाटके पुस्तकरूपाने छापली गेली आणि उर्दू साहित्यात वाचली जातात. तेथील प्रेक्षक नाटक कोणत्या नटाचे म्हणून विचारी, तसेच कोणत्या लेखकाचे म्हणूनही विचारी.

लाहोरवर सरकारचा हात मुंबईहून हलका होता असे नव्हे; तेथे तर लष्करी राजवट होती. साधनेही काही अधिक नव्हती. मग फरक कोठे? आमच्या मते तो रंगभूमीच्या असण्यानसण्यात आहे. लाहोरच्या लेखकाला जिवंत, रोज चालणारी, धंदा करणारी मातब्बर नाट्यसृष्टी उपलब्ध नव्हती. नाटक लिहावयाचे तर दूरचित्रवाणीसाठी. मराठी नाटककाराला शिवाजी मंदिर होते, साहित्य संघ होता, छबिलदासची शाळा होती. ज्याच्याजवळ अव्वल माल होता तो तेथे नेत असे. केंद्राकडे उरलासुरला, किंवा मागणीनुसार घडविलेला माल येई. मराठी रंगभूमीचे वैभव हेच मराठी दूरचित्रनाट्याच्या दारिद्र्याचे एक कारण झाले. हिंदीकडे पाहिले तरी हेच दिसते. ‘हम लोग’ आणि ‘बुनियाद’ लिहिणारे मनोहर श्याम जोशी हे कादंबरीकार होते, आणि त्यांनी ते काम दुय्यम मानले नाही.

या विवेचनावर एक रास्त हरकत घेता येईल: मराठीतही चांगल्या लेखकांनी केंद्रासाठी लिहिले असेल, पण ते आज आमच्यापुढे नाही, म्हणून नव्हतेच असे आम्ही कसे म्हणतो? ही हरकत आम्हांस मान्य आहे. किंबहुना या लेखाचा रोख त्याच गोष्टीकडे आहे.

५

पहिल्या वर्षांतील पुष्कळसे कार्यक्रम जसे घडत तसेच प्रक्षेपित होत. जे मुद्रित होई ते फितीवर, आणि फीत महाग. एक कार्यक्रम दाखवून झाला की तो पुसून त्याच फितीवर दुसरा मुद्रित करावयाचा, ही रीत दूरदर्शनमध्ये होती. तिच्यासाठी कोणा एका अधिकाऱ्यास दोष देणे अन्यायाचे होईल, साक्षात बी.बी.सी.नेही १९७० नंतरच्या दशकापर्यंत हेच केले, आणि पुढे त्याचा पश्चात्ताप केला. परंतु पुसले गेले ते गेले. आज प्रसार भारतीच्या संग्रहातून आणि सह्याद्री वाहिनीच्या वतीने महाजालावर जे जुने कार्यक्रम पाहावयास मिळतात ते या पुसण्यातून वाचलेले आहेत. त्यांविषयी आम्ही कृतज्ञ आहोत. या लेखातील मतांना जो काही आधार आहे तो त्यांचाच. पण त्यांतील कित्येकांवर प्रक्षेपणाची तारीख नाही, संहितेच्या लेखकाचे नाव नाही. नट ओळखू येतो; लेखकाला चेहरा नसतो, त्यामुळे तो ओळखू येत नाही.

आमचे बहुतेक वाचक शासकीय सेवेतील असल्यामुळे त्यांना हे त्यांच्या परिभाषेत सांगता येईल. महाराष्ट्राच्या दप्तरात कागदपत्रांचे अ, ब, क, ड असे वर्ग करण्याची पद्धत आहे. ‘अ’ वर्ग कायम जतन करावयाचा; ‘ड’ वर्ग अल्पावधीत नष्ट करावयाचा. कोणता कागद कोणत्या वर्गात घालावयाचा हे ठरविण्याचे काम बहुधा एखाद्या कनिष्ठ लिपिकाकडे असते, आणि वरिष्ठ त्याखाली न वाचता सही करतात. मुंबई केंद्राच्या फितींचे असेच झाले. आपल्या भाषेतील एका नव्या वाङ्मयप्रकाराची पहिली पाने ‘ड’ वर्गात पडली, आणि ते कोणी मुद्दाम केले नाही, हेच त्यातले दुःख आहे.

फिती गेल्या, संहिता सगळ्या गेल्या असतील असे आम्हांस वाटत नाही. नाटकाची तालीम कागदावरून होते. तो कागद निर्मात्याच्या कपाटात, नटाच्या ट्रंकेत, लेखकाच्या वारसांकडे माळ्यावर कोठेतरी असू शकतो. मराठीने नभोनाट्ये आणि श्रुतिका छापल्या. आकाशवाणीवरील भाषणांची पुस्तके काढली. दूरचित्रवाणीच्या संहितांचे असे संग्रह मात्र विरळ. ‘गजरा’तील नाटुकल्यांविषयी आम्ही वर जे कठोर मत दिले ते निवडक संहितांचा एखादा संग्रह समोर आला तर बदलावे लागेल, आणि ते आम्ही आनंदाने बदलू. नटाची लकब वजा करून उरलेल्या शब्दांत काय आहे, हे तेव्हाच कळेल.

ज्या पंजाबात बसून आम्ही हे लिहितो तेथे मराठी संताच्या वाणीच्या जतनाचा एक दाखला आमच्या डोळ्यांपुढे सतत असतो. नामदेवांची एकसष्ट पदे शिखांच्या आदिग्रंथात आहेत. गुरू अर्जुनदेवांनी १६०४ साली ती नामदेवांच्या नावानिशी संकलित करविली, म्हणून सेक्टर ४३ च्या आसपासच्या गुरुद्वारांतूनही ती पहाटे कानी पडतात. गाणारे गेले, त्यांचे सूर कसे होते हे कोणास ठाऊक नाही. शब्द मात्र उरले, आणि ते कोणाचे हेही उरले. कारण कोणीतरी ते लिहून घेताना नाव गाळले नाही. पंधरा मिनिटांच्या प्रहसनाची तुलना संतवाणीशी करण्याचा अविचार आम्ही करीत नाही. तुलना आहे ती लिहून घेणाराच्या काळजीची.

म्हणून या अंकाच्या वाचकांपुढे एक साधी सूचना ठेवून हा हिशेब बंद करतो. आपल्यापैकी अनेकांचे आप्त, स्नेही, शेजारी १९७२ ते १९९० या काळात वरळीच्या त्या इमारतीत या ना त्या कामासाठी गेलेले असतील: कोणी कविता वाचावयास, कोणी शेतीवर बोलावयास, कोणी एका नाटुकल्यात पोस्टमन व्हावयास. त्यांच्याकडे संहितेची टंकलिखित प्रत, मानधनाच्या कराराचा कागद, निमंत्रणाचे पत्र, काहीही असेल. ते रद्दीत जाऊ देऊ नये. त्यावर तारीख घालावी, कार्यक्रमाचे आणि लेखकाचे नाव लिहावे, आणि जवळच्या कोणत्याही मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या स्वाधीन करावे. ते केंद्र आम्ही पाहिले नाही, आणि आता ते पाहता येणार नाही. वाचता मात्र येईल, जर कोणी वाचण्याजोगे काही ठेवले तर.